सातव्या पिढीचा आय-७ की आठव्या पिढीचा आय-५? सोलापुरात जुना लॅपटॉप घेण्याआधी

"आय-सेव्हन आहे ओ, घ्या की डोळे झाकून!" नवी पेठेत जा, सात रस्त्याला जा, नाहीतर पुण्याहून माल आणून घरूनच विकणाऱ्याकडे जा, जुन्या लॅपटॉपच्या व्यवहारात हे वाक्य कानावर पडतंच. त्याच्याच शेजारी तसाच काळा, तेवढ्याच आकाराचा, कुठल्या तरी कंपनीतून निघालेला दुसरा लॅपटॉप असतो. त्यात आय-फाइव्ह. गिऱ्हाईक मनातल्या मनात सात आणि पाचाची तुलना करतं आणि पहिला उचलतं.

पहिल्यात बहुतेक वेळा इंटेलचा कोअर आय-७ ७६००यू हा प्रोसेसर (लॅपटॉपचं मुख्य काम करणारी चिप) असतो आणि दुसऱ्यात कोअर आय-५ ८३५०यू. माझा कल आधीच सांगून टाकतो: भावात फार फरक नसेल तर दुसरा घ्या. पण "फार" म्हणजे किती, आणि कोणत्या परिस्थितीत पहिलाही चालून जातो, हे कामावर, उन्हाळ्यावर आणि त्या विशिष्ट यंत्राच्या तब्येतीवर ठरतं. ते दुकानात उभ्या उभ्या कसं तपासायचं, हा या लेखाचा विषय.

आधी नंबर वाचायला शिका

इंटेलच्या त्या काळच्या नावात आय-५, आय-७ ही फक्त श्रेणी. खरी माहिती पुढच्या चार आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असते. चार आकड्यांपैकी पहिला म्हणजे पिढी. ७६०० सातव्या पिढीचा, ८३५० आठव्या पिढीचा. शेवटचं 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारी, पातळ लॅपटॉपसाठीची चिप. 'एचक्यू' किंवा 'एच' असेल तर ती जाडजूड, जास्त वीज खाणारी ४५ वॉटची चिप असते आणि तिचा हिशोब वेगळा. तिला इथल्या तुलनेत आणू नका.

सातव्या पिढीपर्यंत इंटेलच्या या 'यू' चिपमध्ये, मग ती आय-३ असो की आय-७, कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच असायचे. आय-७ ७६००यू हा २०१७ च्या सुरुवातीला आला. दोन कोअर, चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये (तात्पुरत्या वाढीव वेगात) ३.९, कॅश (चिपमधली छोटी, जलद मेमरी) ४ एमबी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने आठवी पिढी जाहीर केली आणि 'यू' चिपमध्ये पहिल्यांदाच चार कोअर दिले. आय-५ ८३५०यू त्यातलाच: चार कोअर, आठ थ्रेड, मूळ वेग १.७ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.६, कॅश ६ एमबी. दोन्ही चिप १४ नॅनोमीटरच्या, दोन्हींची विजेची मर्यादा १५ वॉट. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचे रायझन प्रोसेसर त्याच वर्षी बाजारात उतरले होते. स्पर्धा आल्यावर इंटेलचा हात सैल झाला, असं माझं आपलं मत.

आता गिऱ्हाईक नेमकं इथेच फसतं. एकीकडे २.८, दुसरीकडे १.७. कागदावर आय-७ चा वेग दीडपटीहून जास्त दिसतो. पण मूळ वेग हा सगळे कोअर एकदम कामाला लागले असताना, दिलेल्या विजेत टिकेल अशी हमी दिलेला किमान वेग असतो. रोजच्या वापरात चिप त्याच्या बरीच वर चालते. शिवाय दोन्हींच्या कोअरची रचना जवळजवळ सारखी आहे. म्हणजे एक कोअर एका गिगाहर्ट्झला जेवढं काम आय-७ मध्ये करतो, तेवढंच आय-५ मध्येही करतो. मग हिशोब सरळ होतो. एकाच कोअरचं काम असेल तर ३.९ विरुद्ध ३.६, म्हणजे आय-७ जेमतेम आठ टक्क्यांनी पुढे. हा फरक हाताला जाणवत नाही.

सगळे कोअर राबवणारं काम असेल तर चित्र पालटतं. तेवढ्याच १५ वॉटमध्ये चार कोअर बेताने चालवणं हे दोन कोअर जोरात पळवण्यापेक्षा फायद्याचं असतं. कारण वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. दोन माग फाटेस्तोवर पळवण्यापेक्षा चार माग बेताने चालवले तर त्याच लाइट बिलात कापड जास्त निघतं, तसाच हा प्रकार. ढोबळ आकडा हवाच असेल तर दोन गुणिले साडेतीन म्हणजे सात, चार गुणिले अडीच म्हणजे दहा. लांबलेल्या कामात आय-५ साधारण दीडपट काम काढतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात चिपला १५ वॉटच्या वर जायची मुभा असते, तेव्हा तो जवळपास दुपटीपर्यंतही जातो. चिप गार असेल तर! उन्हाळ्याचं पुढे बोलू.

ग्राफिक्सवर वेळ घालवू नका. एकात एचडी ६२०, दुसऱ्यात यूएचडी ६२०. नावात एक अक्षर वाढलं, कामात फरक नाही. दोन्हींत रॅमच्या दोन कांड्या लावल्या तर ग्राफिक्सला बऱ्यापैकी बळ मिळतं, एकच कांडी असेल तर दोन्ही सारखेच रखडतात. व्हिडिओचंही तसंच. दोन्ही चिप एचईव्हीसी आणि व्हीपी-९ हे व्हिडिओ साठवण्याचे प्रकार सहज, स्वतःच्या खास भागात उलगडतात. एव्ही-१ मात्र दोघांनाही हार्डवेअरमध्ये जमत नाही. यूट्यूब अलीकडे एव्ही-१ बरंच वापरतं आणि ते उलगडायचं ओझं मग कोअरवर पडतं. तिथे चार कोअरवाल्याला कमी त्रास होतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकखाली एव्ही-१ चा पर्याय आहे, तो कमी दर्जाच्या व्हिडिओपुरता ठेवला तरी पंख्याचा आवाज कमी होतो.

पहिली पायरी: काम कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी घरीच लिहून काढा. "सगळंच लागतं" असं लिहू नका, कारण त्या उत्तरावर कुणीही काहीही खपवू शकतं. एका वेळी कोणकोणत्या गोष्टी उघड्या असतात ते लिहा.

सूत किंवा टॉवेलचा व्यापार, टॅली, जीएसटीचे रिटर्न, व्हॉट्सॲप वेब, अधूनमधून एक्सेल एवढंच असेल तर खरं सांगायचं तर दोन्ही लॅपटॉप पुरून उरतील. हे बहुतेक एकेका कोअरचं काम. इथे चिपपेक्षा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि रॅम महत्त्वाची. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला आय-७ हा ४ जीबी आणि जुनी फिरती हार्डडिस्क असलेल्या आय-५ पेक्षा शंभर टक्के बरा वाटेल.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असेल तर गोष्ट वेगळी. अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन, मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणं, सोबत ब्राउझरमध्ये वीस टॅब. इथे दोन कोअर लगेच शंभर टक्क्यांना टेकतात आणि माउसचा बाणसुद्धा अडखळायला लागतो. तेव्हा आठवी पिढीच, आणि १६ जीबी रॅम. यात तडजोड करून वाचवलेले हजार-दोन हजार चार वर्षं छळतात.

ऑनलाइन क्लास घेणारे किंवा बघणारे लोक या दोघांच्या मधोमध येतात, पण माझ्या मते त्यांनीही आठव्या पिढीकडेच झुकावं. गूगल मीटवर कॅमेरा चालू, पार्श्वभूमी धूसर केलेली, स्क्रीन शेअर आणि शेजारी पीडीएफ, एवढं एकदम चालू केलं की दोन कोअरचा आय-७ घामाघूम होतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला, ज्याला फक्त पीडीएफ वाचायचे आणि व्हिडिओ बघायचे आहेत, त्याला आय-७ चालेल.

लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करायचं म्हणून यातला एखादा लॅपटॉप घेणार असाल तर थांबा. दोन्ही घेऊ नका. तेवढ्याच पैशांत जुना डेस्कटॉप आणि त्यात एखादं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड जास्त काम देईल.

विंडोजची तारीख

तुलनेचा हा भाग दुकानदार सहसा बोलत नाही, आणि माझ्या दृष्टीने किमतीत सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जी वाढीव मुदतीची सोय ठेवली तीसुद्धा ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ साठी इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीतल्या मोजक्या चिपना सूट मिळाली, पण ७६००यू त्यात नाही. म्हणजे आय-५ ८३५०यू वर विंडोज ११ रीतसर चालतं, आय-७ ७६००यू वर नाही.

"पण आमच्या आय-सेव्हनवर इलेव्हन टाकलेलं आहे की!" असं उत्तर येईल, आणि तो खोटंही बोलत नसेल. रुफससारखी साधनं वापरून तपासणी चुकवता येते आणि विंडोज ११ सातव्या पिढीवर बसतं, चालतंही. अडचण पुढे येते. अशा यंत्रांना अपडेट मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही. ते पुन्हा तशाच आडवाटेने टाकावं लागतं. तुम्हाला ते हाताने जमत असेल तर हरकत नाही. बँकेचे व्यवहार ज्या लॅपटॉपवर करायचे आणि ज्याला हात लावणारं घरात कुणी नाही, त्यासाठी मी ही वाट सुचवणार नाही.

विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली वापरणार असाल तर हा सगळा मुद्दा बाद. तिचे मिंट किंवा उबुंटू हे प्रकार दोन्ही चिपवर झकास चालतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही चालतो, आणि सातव्या पिढीचा आय-७ मग खरोखर स्वस्तातला सौदा ठरतो. टॅली मात्र विंडोजसाठीच बनलेली आहे, हे व्यापाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं.

दुकानात: यंत्र ओळखा

कंपन्यांतून निघालेल्या मालात ही दोन चिप ठरावीक मॉडेलमध्ये सापडतात. लेनोवोचा थिंकपॅड टी४७० सातव्या पिढीचा, टी४८० आठव्या. डेलचा लॅटिट्यूड ७४८० सातव्या, ७४९० आठव्या. एचपीचा एलिटबुक ८४० जी४ सातव्या, जी५ आठव्या. गोम अशी की या जोड्या बाहेरून जवळजवळ जुळ्या दिसतात, आणि आठव्या पिढीच्या मॉडेलमध्येसुद्धा काही यंत्रं स्वस्त पर्याय म्हणून सातव्या पिढीची चिप घालून विकली गेली. टी४८० म्हणजे आठवी पिढीच, असं धरून चालू नका. वरचं स्टिकर तर बघूच नका. ते वेगळं मिळतं आणि दोन मिनिटांत चिकटवता येतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. वर उजवीकडे चिपचं पूर्ण नाव दिसतं आणि खाली 'कोअर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' असे दोन आकडे. चार आणि आठ असतील तर ठीक. दोन आणि चार असतील तर समोरच्याने काहीही सांगितलं तरी ती दोन कोअरची चिप आहे.

आठव्या पिढीतही दोन कोअरवाले आहेत, त्यामुळे फक्त 'एट्थ जेन' ऐकून खूश होऊ नका. आय-३ ८१३०यू दोन कोअरचा, आणि 'वाय' अक्षराचा आय-५ ८२००वायसुद्धा. उलट आय-५ ८२५०यू समोर आला तर तो ८३५०यू चा सख्खा भाऊ समजा. त्याचा वेग किंचित कमी, बाकी कोअर आणि कॅश तेवढेच. ८३५०यू साठी त्याच्यापेक्षा पाचशे रुपये जास्त द्यायलाही मी तयार होणार नाही.

दुकानात: दहा मिनिटं तापवा

ही पायरी लोक टाळतात. संकोच वाटतो. पण जुन्या लॅपटॉपची चिप कधी फारशी बिघडत नाही, बिघडतं ते तिला गार ठेवणारं सगळं: पंखा, तांब्याची नळी, जाळी, चिपची उष्णता बाहेर नेणारी, पण वाळून गेलेली थर्मल पेस्ट. आणि गार ठेवणं जमलं नाही तर चिप स्वतःला वाचवायला वेग खाली आणते. कागदावर चार कोअर आणि हातात दोन कोअरचं काम, अशी अवस्था होते.

सोलापुरात याचं वजन पुण्यापेक्षा जास्त आहे. चिपमधून हवेत किती उष्णता जाते ते दोघांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. चिप ९५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. मेमध्ये बंद खोलीत हवाच ४२ अंशांवर असेल तर फरक उरतो ५३. म्हणजे तोच पंखा, तीच जाळी, पण उष्णता वाहून नेण्याची ताकद साधारण चौथ्या हिश्श्याने कमी. या दोन्ही चिप १०० अंशांच्या आसपास पोचल्या की वेग कापतात. डिसेंबरात घेतलेला लॅपटॉप एप्रिलात "स्लो झाला" अशी तक्रार येते, तेव्हा व्हायरस शोधण्याआधी हे बघावं.

त्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या कारखान्यात वापरलेलं यंत्र असेल तर सुताचे बारीक तंतू जाळीत जाऊन नमद्यासारखे दाबून बसतात. बाहेरून फुंकून ते निघत नाहीत, मागचं झाकण काढून पंखा बाजूला घ्यावा लागतो.

तर तपासणी अशी. पेनड्राइव्हवर सेव्हन-झिप घेऊन जा. अगदी छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. ते उघडून टूल्समध्ये बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) सुरू करा. शेजारी टास्क मॅनेजरचं सीपीयूचं पान उघडं ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात 'स्पीड'चा आकडा वर, तीनच्या पुढे असेल. मग तो उतरून स्थिर होईल. आय-५ ८३५०यू चारही कोअर राबत असताना सव्वादोन ते पावणेतीन गिगाहर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी थांबला तर तब्येत चांगली. आय-७ ७६००यू तीनच्या वर टिकायला हवा. संपलं की पुन्हा सुरू करा, असं दहा मिनिटं चालू द्या. आय-५ दीड गिगाहर्ट्झच्या खाली घसरला, किंवा वेग सतत वर-खाली हेलकावे खायला लागला, तर जाळी तुंबली आहे किंवा पेस्ट गेली आहे. हा सौदा मोडायचा मुद्दा नाही, भाव पाडायचा आहे. साफसफाई आणि नवी पेस्ट हे कुठल्याही चांगल्या दुरुस्तीवाल्याचं अर्ध्या तासाचं काम.

बेंचमार्क शेवटी एमआयपीएस किंवा जीआयपीएस नावाचा कामाच्या वेगाचा आकडा दाखवतो. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून दोघांचा दहाव्या मिनिटाचा आकडा लिहून घ्या. त्या आकड्याला त्या त्या लॅपटॉपच्या भावाने भागा. रुपयामागे काम किती, ते दुकानदाराच्या तोंडून ऐकण्यापेक्षा असं समोर दिसलेलं बरं.

डेलचा लॅपटॉप असेल आणि वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली अडकून बसला असेल तर चिपला दोष देऊ नका. डेलचं यंत्र चार्जर ओळखता आला नाही तर मुद्दाम वेग कमी करतं आणि बॅटरीही चार्ज करत नाही. चालू करताना तसा संदेश दिसतो. अस्सल चार्जर लावून पुन्हा बघा. अस्सल चार्जर लावूनही तेच झालं तर चार्जिंगची पिन किंवा मदरबोर्ड गडबडीत आहे, आणि मग तो लॅपटॉप खाली ठेवलेला बरा.

बाकीचं, जे चिपइतकंच पैसे खातं

बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करा. एक फाइल तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च भावातून वजा करून बोला. टी४७० आणि टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक खालून निघणारी, तेव्हा दोन्हींचे आकडे बघा. बाहेरची नवी टाकून आतली मेलेली ठेवण्याची युक्ती जुनी आहे.

कुलूप. कंपनीतून आलेल्या यंत्रात बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरचा) पासवर्ड राहिलेला असू शकतो. सुरू होताना बायोसमध्ये शिरून बघा, पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. डेल-लेनोवोच्या बायोसमध्ये कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट नावाची चोरीविरोधी सोय असते, ती सक्रिय असेल तर यंत्र अजून कुणाच्या तरी नावावर असण्याची शक्यता. तिसरी गोष्ट ऑटोपायलट, म्हणजे कंपन्यांना आपले लॅपटॉप नोंदवून ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडलं की एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागायला लागलं तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या यादीतून काढलेला नाही. त्यामुळे शक्य असेल तर दुकानातच मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन विंडोज रीसेट करायला सांगा. वेळ जातो, जाऊ द्या. चहा प्या.

पडदा. टी४८० सारख्या चांगल्या यंत्रातही १३६६ गुणिले ७६८ चे फिकट पडदे आलेले आहेत. त्यावर मराठी जोडाक्षरं किरटी दिसतात, दिवसभर वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. १९२० गुणिले १०८० चा पडदा असलेला आय-७ आणि ७६८ वाला आय-५ असा पेच पडला तर वाचन-लिखाणाचं काम असणाऱ्याने पडद्याकडे बघावं, असं मी म्हणेन.

रॅमचे खण. टी४८० मध्ये रॅमच्या दोन जागा आहेत, टी४८०एस या पातळ भावंडात मात्र काही रॅम बोर्डवरच डाग दिलेली असते आणि जागा एकच. पुढे वाढवायची असेल तर हे आधी विचारा. रॅमचे भाव चढ-उतार करतात, म्हणून "नंतर टाकू" म्हणण्यापेक्षा शक्यतो व्यवहारातच १६ जीबी करून घ्या.

थिंकपॅड घेत असाल तर अजून एक. २०१७ ते २०१९ च्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (यूएसबी-सी आकाराच्या वेगवान पोर्टच्या) आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, दोष होता, त्याने यूएसबी-सीचं पोर्ट हळूहळू निकामी व्हायचं. लेनोवोने दुरुस्तीचं अपडेट काढलं. ते टाकलेलं आहे का कुणालाच आठवत नसतं. त्यामुळे यूएसबी-सीने चार्जिंग होतं का, पेनड्राइव्ह लागतो का, हे तपासा आणि घरी आल्याबरोबर ते अपडेट टाका.

विंडोज खरं आहे का ते सेटिंगमध्ये ॲक्टिवेशनखाली दिसतं. कंपन्यांच्या बहुतेक यंत्रांच्या बायोसमध्ये मूळ विंडोज प्रोचं लायसन्स असतंच, त्यामुळे कुठलंही फुकटचं क्रॅक चालवायची गरजच नाही. क्रॅक टाकलेलं दिसलं तर सगळं पुसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून नव्याने टाका.

भावाचा हिशोब

समजा आय-७ ७६००यू १६ हजारांना आणि आय-५ ८३५०यू साडेअठरा हजारांना मिळतोय, रॅम, एसएसडी, पडदा सारखाच. फरक अडीच हजारांचा. तीन वर्षं वापरलात तर महिन्याला साधारण सत्तर रुपये. त्यात दीडपट काम आणि रीतसर विंडोज ११ मिळतं. इथे मी विचारसुद्धा करणार नाही, आय-५ घेईन.

फरक पाच हजारांवर गेला तर मी थांबेन. कामाचा कागद पुन्हा काढेन. टॅली आणि ब्राउझर एवढंच असेल आणि घरात कुणाला लिनक्स किंवा आडवाटेचं विंडोज सांभाळता येत असेल तर आय-७ घेऊन उरलेल्या पैशात रॅम आणि नवी बॅटरी टाकेन. दोन्ही एकाच भावाला असतील, आणि असं सोलापुरात होतं, कारण नावातल्या सातामुळे जुन्या यंत्राचा भाव चढलेला असतो, तर मग प्रश्नच मिटला.

घासाघीस करताना "हा स्लो आहे" असं मोघम म्हणू नका. "यात कोअर दोनच आहेत, विंडोज ११ च्या यादीत हा बसत नाही, बॅटरी पंचावन्न टक्क्यांवर आहे" असं तिन्ही एका दमात सांगा. समजणारं गिऱ्हाईक आलंय हे दुकानदाराला लगेच कळतं आणि बोलण्याचा सूरच बदलतो.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी बायोस अपडेट करा. २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या सुरक्षेच्या त्रुटी दोन्ही चिपमध्ये आहेत, त्यावरचे उपाय बायोस आणि विंडोज या दोन्हींच्या अपडेटमधून येतात. वेग थोडा कमी होतो, पण ते न टाकता राहू नका. इंटरनेटवर 'अंडरव्होल्ट करा (चिपला कमी व्होल्टेज द्या), लॅपटॉप गार होईल' असे व्हिडिओ दिसतील. प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी सापडल्यावर डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांनी नव्या बायोसमध्ये ती सोय बहुतेक बंद केली. त्यासाठी जुनं बायोस ठेवणं हे दार उघडं टाकून झोपण्यासारखं होईल, म्हणून मी ते सुचवत नाही.

त्याऐवजी झाकण उघडून जाळी साफ करून घ्या, नवी पेस्ट लावा, आणि मार्चच्या आधी हे करा. लॅपटॉप गादीवर, सोलापुरी चादरीवर तर अजिबात ठेवू नका. खालची हवेची फट बुजते आणि पाच मिनिटांत चिप शंभरीकडे धावते. टेबलावर मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवली तरी चालतं. कारखान्यात वापरायचा असेल तर दर तीन महिन्यांनी जाळी उघडून बघा. घरात असेल तर वर्षातून एकदा पुरे.

बिल मागा. त्यावर मॉडेल, चिपचं पूर्ण नाव, सिरीयल नंबर आणि किती दिवसांची वॉरंटी हे हाताने का होईना, लिहून घ्या. निदान महिनाभराची वॉरंटी द्यायला तयार नसेल तर शेजारच्या दुकानात विचारायला लाजू नका. वॉरंटीच्या त्या महिन्यात रोज एकदा तरी लॅपटॉप भरपूर तापवा, सेव्हन-झिप पुन्हा चालवा आणि आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून बघा.